सर्व्हर रोज का फुगतो?

प्रश्न : आमचं सीए ऑफिस आहे, माणसं चौदा. विंडोज सर्व्हरवर ४ टीबीचा शेअर्ड ड्राइव्ह आहे. महिनाभर तो रोज २०-२५ जीबीनं भरतोय. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, "मी नाही बुवा." गेल्या सात दिवसांत बदललेल्या फाइल्स पॉवरशेलनं (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायचं साधन) शोधल्या, तर जेमतेम ६ जीबी निघाल्या. बाकीची जागा खातंय कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : याच खड्ड्यात मीही पडलोय. एका छापखान्याचा सर्व्हर सांभाळत होतो. आठवड्यात ३०० जीबी गेले आणि माझी स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या हुकुमांची फाइल) म्हणे, नवीन काही नाही. शेवटी सापडले ते कुणीतरी घरच्या हार्ड डिस्कवरून आणून ओतलेले लग्नाचे फोटो! फाइल कॉपी केली की विंडोज 'मॉडिफाइड' तारीख जुनीच ठेवतं, 'क्रिएटेड' मात्र आजची पडते. मी शोधत होतो लास्टराइटटाइमवर, म्हणजे 'मॉडिफाइड' तारखेवर; शोधायला हवं होतं क्रिएशनटाइमवर, म्हणजे 'क्रिएटेड'वर. तुम्हीही आधी तेवढंच बदलून बघा.

पण त्यावरही विसंबू नका. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडनं आणलेल्या फाइल्सच्या दोन्ही तारखा जुन्याच राहतात. म्हणून तारखांचा नाद सोडा आणि रोजकीर्द लिहा. तुम्हाला ते शिकवायला नको. टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) रात्री दोनला स्क्रिप्ट चालवा: वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फोल्डरमधल्या एकूण बाइट्स आणि फाइल्सची संख्या, तारखेसह सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) एक ओळ. दुसऱ्या दिवशी वजाबाकी. जो फोल्डर वाढला, त्याच्या पोटातले फोल्डर तसेच मोजायचे. दोन-तीन रात्रींत नेमकी जागा हाती लागते.

फाइल्सची संख्या गाळू नका, खरी मेख तिथंच आहे. आकार वाढला पण संख्या तीच, तर एखादीच फाइल फुगतेय: आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल), नाहीतर एखादा लॉग (प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहितो ती फाइल). दोन्ही वाढले, तर कुणीतरी भर घालतंय. तुमच्याकडे माझा पहिला संशय स्कॅनरवर; त्याच्या फाइल्स तुमच्या शोधातून कशा सुटल्या असतील, ते पुढे सांगतो. ए-फोर कागद रंगीत, ६०० डीपीआयवर, कॉम्प्रेशनशिवाय टिफमध्ये स्कॅन केला की एका पानाचे जवळपास १०० एमबी होतात. तोच ३०० वर केला की चौथा हिस्सा. ६०० वर अडीचशे पानं झाली की तुमचे २५ जीबी भरले! मशीनवरचं सेटिंग कुणीतरी एकदा बदलतं आणि विसरून जातं.

गेट-चाइल्डआयटमला (फाइल्सची यादी देणारी पॉवरशेलची कमांड) 'फोर्स' लावा, नाहीतर लपवलेल्या फाइल्स मोजल्याच जात नाहीत. आणि एरर गप्प करू नका, वेगळ्या फाइलीत लिहा. ज्या फोल्डरची परवानगी स्क्रिप्टच्या खात्याला नाही, तो चुपचाप वगळला जातो, आणि नेमका तोच भागीदारांचा निघतो.

सगळ्या फोल्डरांची बेरीज ड्राइव्हच्या वापरलेल्या जागेपेक्षा बरीच कमी भरली, तर शॅडो कॉपीज बघा, म्हणजे 'प्रीव्हियस व्हर्जन्स', विंडोजनं राखून ठेवलेल्या फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या. 'व्हीएसएसअॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' ही कमांड त्यांनी किती जागा अडवलीय ते सांगते. कमाल मर्यादाही तिथंच दिसते.

राहिला प्रश्न कुणाचा. गेट-एसीएल या पॉवरशेलच्या कमांडनं फाइलचा 'ओनर' मिळतो, साधारणपणे ज्यानं ती तिथं आणली त्याचं नाव. तिथं 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' आलं, तर ऑफिसात कुणावर डाफरू नका. आधी तुमचाच एखादा बॅकअप जॉब चुकून त्याच ड्राइव्हवर लिहीत नाही ना, ते तपासा.