सगळीकडे खेळणाऱ्या गड्यास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास, ते माझ्या मनातून गेलेले नाही. विफल बॉल (Wiffle Ball), म्हणजे भोकांचा हलका प्लास्टिक बॉल घेऊन खेळायचा छोटा बेसबॉल; त्याच्या हौशी लीगमधला तुझा हा पहिलाच मोसम. त्यात तू पिचिंग केलेस, म्हणजे बॅटरला बॉल टाकलेस, क्षेत्ररक्षणात पुढे-मागे जिथे सांगितले तिथे उभा राहिलास, कोणी आले नाही तर त्याच्या जागी बॅटिंगला गेलास, हरलेल्या संध्याकाळीही सगळ्यांना पोट धरून हसवलेस, आणि तरीही शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या डावात कप्तानाने बॉल दुसऱ्याच्या हाती दिला. "काका, मी सगळं करतो, म्हणून माझं असं काहीच नाही," असे तू म्हणालास. या वाक्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

प्रथम हे लक्षात घे, की या खेळात अष्टपैलू असणे ही काही तुझी एकट्याची खासियत नव्हे. तो या खेळाचा जन्मजात स्वभाव आहे. 1953 साली इथेच, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात फेअरफील्ड गावी, डेव्हिड मुलानी यांच्या बारा वर्षांच्या मुलाला बेसबॉल खेळायला ना पुरेसे गडी मिळत होते, ना पुरेशी जागा. तो आणि त्याचा मित्र झाडूच्या दांड्याने प्लास्टिकचा छोटा गोल्फ बॉल मारत बसायचे आणि तो वळवण्याच्या नादात पोराचा दंड दुखायला लागायचा. वडील पूर्वी पिचर होते, त्यामुळे दुखणे त्यांच्या ध्यानात आले. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनासाठी बनवलेले प्लास्टिकचे गोळे मिळवून त्यांनी ते निरनिराळ्या तऱ्हांनी कापून पाहिले आणि एका अर्ध्या भागाला आठ लांबट भोके असलेला बॉल सर्वांत चांगला वळतो, असे त्यांना आढळले. म्हणजे गडी कमी आणि जागा थोडी, या अडचणीतूनच हा खेळ निघाला. आजही बहुतेक हौशी लीगमध्ये तीन-चार जणच मैदानात असतात आणि प्रत्येकाला सगळे करावे लागते. आपल्या वाडीतल्या क्रिकेटमध्ये काही वेगळे होते का? सहा पोरे, तीन विटा, आणि समोरच्यांच्या गॅलरीत बॉल गेला की आऊट!

त्या वाडीतून तू एक गोष्ट फुकट घेऊन आला आहेस, आणि तिची किंमत तुला अजून कळलेली नाही असे मला वाटते. बेसबॉल खेळत मोठी झालेली इथली मुले ग्लव्हवर वाढलेली असतात. विफल बॉलला ग्लव्ह नाही. मूळ नियमांप्रमाणे बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या ठाण्यांवर, धावणेही नाही. धावपटू मनातल्या मनात धरायचे, आणि जमिनीवरून येणारा बॉल पुढे सरकत असतानाच स्वच्छ पकडला, तर बॅटर बाद. बॉल जेमतेम 20 ग्रॅमचा असतो. गवतात शिरला की दोन फुटांत मरतो, आणि मरण्याआधी एखाद्या भोकाच्या कडेवर असा काही उसळतो, की आडवा हात घातला तर तो बोटांना लागून निसटतो. गेल्या महिन्यात तुला असा एक बॉल घेताना मी पाहिले: गुडघा टेकलेला, दोन्ही तळवे ओंजळीसारखे, आणि बॉल येताना हात किंचित मागे नेलेले. बाजूला उभ्या असलेल्या तुमच्या कप्तानाने भुवया उंचावल्या होत्या, तू मात्र लगेच उठून नाचायला लागलास. नाचलास त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पुढच्या बॉलला तू अजून कमरेवर हात ठेवून उभा होतास, आणि तो तुझ्या डाव्या अंगाने निघून गेला, हेही मी पाहिले.

थट्टेविषयी मी तुला उपदेश करावा, एवढा मी स्वतः गंभीर माणूस नाही. चाळिशीत मी याच खेळात एका संघात होतो आणि त्या संघाचा विदूषक मीच होतो. एका सामन्यात दोन बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना आमचा होता, आम्ही एका धावेने पुढे होतो आणि बॉल अगदी सोपा, उंच, हलका, माझ्याकडे तरंगत आला. मी तो पाठीमागे हात नेऊन पकडायचे ठरवले. प्लास्टिकचा बॉल वाऱ्याने शेवटच्या क्षणी वीतभर सरकतो, हे मला ठाऊक होते; तरी ठरवले. सामना तिथेच गेला. कोणी रागावले नाही, उलट सगळे हसले, आणि त्या हसण्याचाच मला अधिक त्रास झाला, कारण त्यानंतर दोन मोसम अटीतटीच्या वेळी माझ्याकडे कोणी पाहिले नाही. आपल्याकडे लहान पोराला खेळात घेतात, पण त्याचा आऊट धरत नाहीत, त्याला लिंबूटिंबू म्हणतात. मी पस्तीस पौंड जास्त वजनाचा लिंबूटिंबू झालो होतो.

तेव्हा कप्तानावर रुसू नकोस. त्याने तुला वगळले ते तू सगळे करतोस म्हणून नव्हे. तुझ्या हातून नेमके काय खात्रीने होईल, हे त्याला सांगता येत नाही म्हणून. सगळ्या जागा सांभाळ, त्या सोडू नकोस, पण एक बॉल असा तयार कर की जो अर्ध्या झोपेतही तुझ्या हातून तसाच पडेल. एकच. सध्या तू पाच तऱ्हेचे बॉल टाकतोस आणि पाचही प्रेक्षकांसाठी टाकतोस. भोके कोणत्या बाजूला धरली, मनगट किती वळवले आणि बॉल किती खरवडलेला आहे, यावर त्याचे वळण ठरते. यांपैकी एक जरी गोष्ट दर वेळी बदलली, तर आपला बॉल का वळला हे आपल्यालाच कळत नाही. गल्लीत टेनिस बॉलच्या एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळून तू स्विंग करायचास, तेव्हा पट्टीची बाजू दर बॉलला बदलत होतास का? मग इथे का बदलतोस? अंगणातल्या भिंतीवर खडूने चौकट आखून घे, कारण बहुतेक ठिकाणी बॅटरच्या मागे उभी केलेली फळीच स्ट्राइकचा, म्हणजे बॉल नेमका पडला की नाही याचा, निवाडा करते आणि तिच्यापुढे कोणाची थट्टा चालत नाही. रोज चाळीस बॉल टाक, सगळे एकाच पकडीने. पहिले पंधरा दिवस कंटाळा येईल. येऊ दे.

आणि हसवण्याचे काम चालूच ठेव. ते कमी मोलाचे आहे असे मी म्हणत नाही. 'विफल' हे नाव 'व्हिफ' (whiff), म्हणजे बॅट फिरवून बॉल हुकणे, या इंग्रजी शब्दावरूनच आले आहे, त्यामुळे ज्या खेळाच्या नावातच फजिती आहे, तिथे हसणारा गडी हवाच. फक्त हुकलेला माणूस परत येऊन बसेपर्यंत थांब. त्याच्या हातात पाण्याची बाटली दे, आधी स्वतःची एखादी फजिती सांग, मग त्याची काढ. तुझ्या संघात तो नवीन मुलगा आहे, सलग तीन वेळा बाद झालेला. त्याची तू केलेली नक्कल उत्तम होती, पण तो हसला नव्हता. तू पाहिले नसशील, तू टाळ्या घेत होतास.

सोबत दोन बॉल पाठवत आहे. एक कोरा आहे, एक मी सँडपेपरने घासलेला आहे. तुमच्या लीगमध्ये घासलेला बॉल चालतो की नाही, ते आधी विचारून घे. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी साफ मनाई असते. चालत नसेल, तर तो भिंतीवरच्या चौकटीसाठी ठेव. पुढच्या शनिवारी मी येतो आहे, तेव्हा चाळीसपैकी किती चौकटीत पडले, तेवढेच सांग. काकू तुझ्यासाठी थालीपीठ करून देणार आहे. सामन्याआधी दोनपेक्षा जास्त खाऊ नकोस.

तुझा,
काका