झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकासाठी लिनक्सवर प्रोग्राम लिहायला कोणतं मुक्त साधन घ्यावं?
म्हापशाच्या घरी सापडलेला तुमचा झेडएक्स स्पेक्ट्रम झेड८० प्रोसेसरवर चालतो, म्हणून सीसी६५ हे सी भाषेचं साधन सोडा. ते ६५०२ प्रोसेसर घराण्याचं, म्हणजे कमोडोर ६४सारख्या मशीनचं. सी भाषा येत असेल तर झेड८८डीके घ्या. कंपायलर, असेंब्लर, लायब्ररी सगळं एकत्र मिळतं आणि शेवटी थेट टॅप फाइल, म्हणजे कॅसेटची डिजिटल प्रत, निघते. ४८ केबी मेमरीत खरा वेग हवा असेल तर मात्र असेंब्लीच, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा, शिका, त्यासाठी एसजेएएसएमप्लस हा असेंब्लर फार सुरेख आहे.

चाचणी फ्यूज एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमसारखं वागणाऱ्या प्रोग्रामवर, करा. आपल्या गोव्यातल्या दमट पावसाळ्यात जुन्या यंत्राला प्रत्येक छोट्या बदलासाठी त्रास नको. पक्का झालेला प्रोग्राम वेव्ह ध्वनिफाइल करून लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटमध्ये वाजवा. लोड होत नसेल तर आधी आवाज वाढवून बघा.