वडील मारतात, आई पाठीशी घालते: आठ वर्षांच्या मुलाच्या शिस्तीवरून होणारे वाद

आठ वर्षांचा मुलगा गृहपाठ टाळतो आणि मोबाईल लपवून पाहतो, त्यावरून यजमान ओरडतात, प्रसंगी हात उगारतात, तुम्ही मध्ये पडता आणि मग मूल बाजूला राहून भांडण तुम्हा दोघांत जुंपते, असे तुम्ही लिहिले आहे. ‘आम्ही मार खाऊनच घडलो’ हे त्यांचे म्हणणे. मुलाच्या मनावर परिणाम होईल, ही तुमची भीती. दोघांत बरोबर कोण, असे तुम्ही विचारता.

मारण्यापुरते तुम्ही बरोबर आहात आणि तिथे तडजोडीला जागा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. हे कलम घराला लागू होत नाही, हे खरे. परंतु जे शिक्षकाने केलेले आपल्याला चालणार नाही, ते घरी का चालावे, हा प्रश्न यजमानांना शांतपणे विचारण्याजोगा आहे. (स्वीडनने १९७९ मध्येच घरातल्या मारालाही बंदी घातली.)

बाकीच्या बाबतीत मात्र तुमची बाजू मला तितकी भक्कम वाटत नाही. वडील कडक म्हणून आई सैल सोडते, आई सैल सोडते म्हणून वडील आणखी कडक होतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपण केवळ दुसऱ्याची चूक भरून काढत आहोत. डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन पद्धती मांडल्या: हुकूम सोडणारी, मोकळे सोडणारी, आणि नियम ठाम ठेवूनही मायेने कारण समजावणारी. पहिली वडिलांनी आणि दुसरी आईने घेतली की मुलाला सरासरीने तिसरी मिळते, असा अनेक घरांत समज असतो. मुलाला सरासरी मिळत नाही. कोणती गोष्ट कोणाकडे मागायची, एवढेच ते चटकन शिकते.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. यजमानांना मऊ करण्याआधी एक नियम तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्या, आणि तो मोबाईलचाच घ्या. मूल झोपल्यावर दोघांनी बसून ठरवावे: फोन किती वेळ, कोणत्या वेळी, आणि नियम मोडल्यास दुसऱ्या दिवशी फोन नाही. अंमलबजावणी तुमची, त्यात यजमानांनी बोलायचे नाही. सुरुवातीचे काही दिवस मुलगा पूर्वीपेक्षा अधिक रडेल, आदळआपट करेल. नेमक्या त्याच वेळी फोन हातात दिलात, तर अधिक रडले की मिळते, एवढेच तो शिकेल; तेव्हा खरी परीक्षा तुमची आहे. आई ‘नाही’ म्हणते आणि त्यावर टिकते, हे दिसू लागले की ‘मी नाही ओरडलो तर कोण ओरडणार’ हे यजमानांचे कारण बऱ्याच अंशी गळून पडते. गृहपाठ त्यांच्याकडे राहू द्या, फक्त ‘हात लावायचा नाही’ या अटीवर, आणि त्यांची पद्धत तुम्हाला रुक्ष वाटली तरी मुलासमोर ती मोडून काढू नका.

तरीही हात उगारला गेलाच तर तत्काळ मध्ये पडा, पण ‘मारायचे नाही’ एवढेच म्हणा. बहुतेक आया इथे घसरतात: मुलाला जवळ घेऊन गृहपाठही माफ करतात. मार थांबवायचा, गृहपाठ थांबवायचा नाही. आजी-आजोबा घरात असतील तर ठरलेला नियम त्यांना मुलाच्या पश्चात सांगावा, आणि सासूबाईंना तो यजमानांनीच सांगावा. सुनेने सांगितल्यास त्याचा वेगळाच विषय होतो.

मुलाच्या अंगावर वळ उठत असतील किंवा तुमच्यावरही हात उगारला जात असेल, तर हा मतभेद राहत नाही. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. तशा वेळी वर लिहिलेल्या वाटाघाटींत वेळ घालवू नका.