पहाटेच का रुसतो सेन्सर?

प्रश्न: देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. मोहरावर भुरी येण्याआधी सावध व्हावं म्हणून बागेत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड बसवलाय. सोलरवर चालतो, दर १५ मिनिटांनी जागा होऊन नोंद घेतो नि परत सस्पेंड होतो, म्हणजे झोपतो. आर्द्रतेचा सेन्सर आयटूसी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर) आहे. हद्द ओलांडली की तो वेगळ्या लाइनवरून इंटरप्ट, म्हणजे ‘लक्ष द्या’चा इशारा देतो. बसचा ड्रायव्हर (तिला चालवणारा प्रोग्राम) मीच लिहिलाय. कधी कधी पहाटे लॉगमध्ये उणे ११० एरर येते आणि बोर्डाची वीज काढून परत देईपर्यंत सेन्सर गप्प. सेन्सरच्या रिझ्यूममध्ये (जागं होतानाच्या कोडमध्ये) २ सेकंदांचा डिले घातला, इंटरप्टला नो-सस्पेंड फ्लॅग (झोपेतही चालू राहण्याची खूण) लावला. फरक शून्य. दुपारी मात्र कधीच बिघडत नाही. सेन्सर बदलू का?

उत्तर: सेन्सर राहू दे. ‘पहाटे’ लिहिलंत तिथेच निम्मं उत्तर आलं. पहाटे दव पडतं, बोर्ड झोपेत असतानाच आर्द्रता हद्द ओलांडते आणि सेन्सर लाइन खाली ओढतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती एज, म्हणजे लाइन बदलल्याचा क्षण, टाकून देत नाही, पेंडिंग ठेवतो. जागं होताना इंटरप्ट उघडले रे उघडले की तुमचा हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारा कोड) बसवर वाचायला धावतो, आणि बसचं क्लॉक (तिला चालवणारा ठोका) अजून बंद! उणे ११० म्हणजे टाइमआउट. सेन्सरचा स्टेटस वाचला गेला नाही म्हणून लाइन सुटत नाही, लाइन सुटत नाही म्हणून नवी एज येत नाही.

डिले घातलात तो सेन्सरच्या रिझ्यूममध्ये. हँडलर त्या वाटेने जातच नाही, त्याचा थ्रेड वेगळा. (हसत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका लाँचवर बर्फाच्या पेटीचं तापमान मोजताना मीही असेच डिले वाढवत बसलो होतो, १ जूनची मासेमारी बंदी लागेपर्यंत.) नो-सस्पेंड फ्लॅग तर उलटाच. तो टायमरसारख्यांसाठी आहे. तुमच्याकडे त्याने बस झोपलेली असतानाही हँडलरला मोकळं सोडलं.

झोपताना कर्नल प्रिपेअर, सस्पेंड, लेट आणि नोआयआरक्यू (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट; त्यांच्याविनाचा टप्पा) असे टप्पे उतरतो. लेट संपलं की डिव्हाइसचे इंटरप्ट बंद, मग नोआयआरक्यू. उठताना आधी सगळ्यांचं रिझ्यूम-नोआयआरक्यू, मग इंटरप्ट उघडतात, मग अर्ली, मग साधं रिझ्यूम. तुम्ही बसचं क्लॉक त्या शेवटच्या साध्या रिझ्यूममध्ये सुरू करत असणार. ते काम, बसच्या चिपची रजिस्टरं (सेटिंगचे कप्पे) परत भरण्यासकट, रिझ्यूम-नोआयआरक्यूत न्या. बंद करायचं काम सस्पेंड-नोआयआरक्यूत. रिझ्यूम-नोआयआरक्यूत फक्त बस उभी करा, तिच्यावरून काही वाचायला जाऊ नका. बसचा स्वतःचा इंटरप्टही तेव्हा बंदच असतो. काम झाल्याची खबर येणार नाही आणि पुन्हा ११० पदरात.

बसचा ड्रायव्हर दुसऱ्याचा असता, तर सेन्सरच्याच सस्पेंडमध्ये त्याचा इंटरप्ट बंद करून रिझ्यूममध्ये उघडा म्हटलं असतं. तेही चालतं. पण बसवर उद्या दुसरा सेन्सर आला की तेच रडगाणं.

तपासायला पहाटेपर्यंत थांबू नका. कर्नलमध्ये पीएम-टेस्टची (सस्पेंडची खोटी तालीम घेण्याची) सोय असेल तर तिथे ‘प्लॅटफॉर्म’ पातळी लिहून सस्पेंड करा; ‘डिव्हाइसेस’ पातळी नोआयआरक्यूपर्यंत पोचतच नाही. बोर्ड ५ सेकंद थांबून आपोआप माघारी येतो. तेवढ्यात सेन्सरजवळ तोंड नेऊन चांगला ‘हाऽऽ’ करा, तुमच्या श्वासाचं दव त्याला पुरेल. आणि त्याआधी तो नो-सस्पेंड फ्लॅग काढा.