फ्युजन झाल्यावरही ते फ्लामेंको राहतं का?

तुम्ही विचारलंय की स्पेनच्या फ्लामेंको संगीतात गिटारसोबत बास, सॅक्सोफोन, ड्रम आले की ते फ्लामेंको राहतं का, आणि नवख्याने कुठून सुरुवात करावी. माझ्या मते कोंपास शाबूत असेल तर नक्कीच राहतं.

कोंपास म्हणजे तालाचं आवर्तन. सोलेआ या प्रकारात ते 12 मात्रांचं असतं आणि वजन पडतं 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आपला कान पहिल्या मात्रेवर समेची वाट बघतो. इथे वादकाची फ्रेज बहुतेकदा दहाव्या मात्रेवर येऊन टेकते, त्यामुळे सुरुवातीला सगळं निसटल्यासारखं वाटतं. अशा वेळी गिटार जरा बाजूला ठेवा आणि टाळ्या ऐका. त्या टाळ्या, म्हणजे पाल्मास, आवर्तन धरून ठेवतात.

फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसियाने नेमका हा कोंपासच जपला. जॅझमधले कॉर्ड्स घेतले, कार्लेस बेनावेंतचा इलेक्ट्रिक बास आणि होर्खे पार्दोची बासरी-सॅक्सोफोन संचात आणली, पण आवर्तनाला धक्का लावला नाही. काखोन ही लाकडी पेटी तर मूळची पेरूची. 1970 च्या दशकाच्या अखेरीस पाकोने ती आणली आणि त्याच्या संचातल्या रुबेम दान्तासने ती रुजवली. तिचा कोरडा आवाज टाळ्यांशी आणि नर्तकाच्या टाचांशी इतका जुळतो की आज ती परकी वाटतच नाही.

1979 मध्ये कामारोन या गायकाच्या ‘ला लेयेंदा देल तिएंपो’ने रॉकची वाद्यं आणली, एका गाण्यात चक्क सतारही. जुने चाहते भडकले होते. आज तोच अल्बम मैलाचा दगड मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे अनेक जण पाकोपर्यंत गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनमुळे पोचतात, कारण झाकिर हुसेनसोबतचा त्याचा ‘शक्ती’ गट इथे परिचयाचा आहे. मॅकलॉफ्लिन, अल दि मेओला आणि पाको या तीन गिटारवादकांची 1980 ची सान फ्रान्सिस्कोची मैफल जबरदस्तच आहे, पण फ्लामेंको समजून घ्यायला ती निवडू नका. तिथे वेग जास्त, कोंपास कमी.

पाकोची ‘एन्त्रे दोस आग्वास’ (1973) ही रचना रुम्बा आहे. चार मात्रांचा सोपा ठेका, लगेच आवडेल. पण खरी सुरुवात पाकोच्या ‘सिरोको’ या अल्बमपासून (1987) करा. त्यात ‘ला बार्रोसा’ ही आलेग्रियास आधी ऐका, मग ‘एल पान्युएलो’ ही बुलेरिया; आलेग्रियास आणि बुलेरिया हे सोलेआसारखेच फ्लामेंकोचे प्रकार. आवर्तन तेच 12 चं, पण बुलेरियात ते इतक्या वेगात फिरतं की दोन-तीनदा ऐकावं लागेल. शेवटी ‘ग्लोरिया आल निन्यो रिकार्दो’ ही सोलेआ, संथ, मात्रा मोजायला सर्वांत सोयीची.

त्यानंतर गिटारवादक विसेंते आमिगो. त्याचा ‘सिउदाद दे लास इदेआस’ (2000) हा अल्बम मला फार प्रिय आहे. ‘तिएर्रा’मध्ये (2013) त्याने केल्टिक लोकसंगीत मिसळलं. सूर सुंदर आहेत, पण माझ्या कानाला तिथे कोंपास मागे पडतो.