घरच्या रगाड्यातून चार दिवस सुटका म्हणून डिसेंबरात ट्राउट धरायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की घरात सासरे अंथरुणावर आहेत, दोन मुलं शाळेत, नवरा-बायको दोघंही नोकरीत. डिसेंबरात चार दिवस एकट्यानं हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जाऊन ट्राउट, म्हणजे गार वाहत्या पाण्यातले मासे, धरावेत असं मनात आहे, आणि असं घर टाकून जाणं स्वार्थीपणाचं होईल का, हेही विचारलंय. मी तुमच्यासारखाच इंदूरचा, राजेंद्र नगरात राहतो. आईला अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली. म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

आधी ट्राउटचं. डिसेंबरात जाऊ नका. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, काश्मीरमध्येही हिवाळ्यात बंदच असतं. तो ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ. मादी वाहत्या पाण्यातली खडी शेपटीनं उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडी लोटून झाकते. पाणी जितकं गार तितकी अंडी सावकाश उबतात; चार-पाच अंशांच्या पाण्यात पिल्लं निघायला तीनेक महिने जातात. त्या दिवसांत पाण्यात उतरून नुसतं चाललं तरी पायाखाली खडीतली अंडी चिरडतात. व्हिडिओंत बर्फाच्या काठावर ट्राउट धरणारे लोक दिसतात ते परदेशातले, आणि त्यातले पुष्कळ मासे तळ्यात मुद्दाम सोडलेले रेनबो जातीचे ट्राउट असतात. ब्राउन ट्राउट आपल्याकडे मुळातला नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास बोटीनं अंडी आणून तो काश्मीरमध्ये रुजवला, पुढे कुलूकडच्या नद्यांत सोडला. त्याला नदीत टिकायचं असेल तर हे चार महिने त्याला मिळायलाच हवेत.

मार्चमध्ये मात्र जरूर जा. मी तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. दिल्लीहून मनालीची बस धरायची, औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, तिथून बंजारमार्गे तीर्थनच्या काठी. मत्स्य विभागाचं लायसन्स घ्यावं लागतं. पाण्यात हात घातला की बोटं बधिर होतात. ट्राउट मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वरच्या बाजूला तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर चढत जायचं आणि गळ त्याच्या पुढ्यात वरून वाहत येऊ द्यायचा. सावली पाण्यावर पडली की तो गेलाच. तीन दिवसांत मला एक मिळाला. हात ओला करून धरला, तपकिरी अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. खवले इतके बारीक की साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत लागला. क्षणभर पाहिला आणि सोडून दिला. इतका निवांतपणा मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

पण घरी आलो तेव्हा बायकोचे डोळे खोल गेले होते. आईला रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती पाळी माझी असते. ते तीन दिवस आणि प्रवासाचे दोन, असं पाच रात्री हिनं एकटीनं केलं, दिवसा शाळेत शिकवून. ती एका शब्दानं बोलली नाही. तिची झोप जागेवर यायला पंधरा दिवस लागले, आणि माझ्या मनातला तो निवांतपणा दोन दिवसांत संपला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं की अशा घराला मोठी सुट्टी क्वचित झेपते. लहान आणि ठरलेली सुट्टी झेपते, आणि ती दोघांनाही मिळायला हवी. आमच्याकडे आता एक रविवार सोडून एक माझा. त्या वेळेसाठी एक मावशी पैसे देऊन ठरवल्या आहेत, आईला त्यांची सवय झाली आहे. हिची शनिवारची संध्याकाळ तिची, इंदूरच्या सानंद संस्थेचं नाटक असो की नुसतं बहिणीकडे जाऊन लोळणं असो. त्या संध्याकाळी मी तिला फोन करत नाही.

आता डिसेंबरातल्या रविवारचं. मी महूच्या पलीकडे एका लहान तलावावर जातो. आपल्याकडचे तलाव बहुधा मच्छीमार सहकारी समित्यांच्या ठेक्यात असतात, तेव्हा त्यांच्या माणसाला आधी विचारून, जे ठरेल ते देऊनच बसावं. त्यांचं पोट त्यावर आहे. इकडे गळाच्या काठीला बंसी म्हणतात. दुकानातली रीळवाली काठी सुरुवातीला नको. हलका बांबू, बारीक तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचा मुगाएवढा मणी आणि तरंगायला झडलेल्या मोरपिसाची दांडी, एवढं पुरतं. थंडीत रोहू, मृगळ सुस्तावतात, खाणं कमी करतात, खोल पाण्यात तळाशी बसतात. म्हणून भल्या पहाटे जायची गरज नाही. ऊन चढून पाण्याला जरा ऊब आली की अकरापासून दोनपर्यंत ते थोडं खातात. घरातली सकाळची आवराआवर करून निघता येतं, हे मला फार सोयीचं पडलं.

आमिष घरीच करतो. कणीक, भाजलेलं बेसन, चिमूटभर बडीशेपेची पूड, पाणी अगदी बेतानं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवायचं, म्हणजे पाण्यात लगेच विरघळत नाही. थंडीत गोळी वाटाण्यापेक्षा लहान करा, गळही बारीक घ्या. मग पिसाकडे पाहत बसायचं. नवखा माणूस पीस बुडायची वाट पाहतो. मृगळ तळाला चरतो. तो गोळी तोंडात घेऊन वर उचलतो तेव्हा शिशाचा भार सुटतो आणि उभं पीस आधी थोडं वर येऊन आडवं पडतं. तीच वेळ काठी उचलायची. हे माझ्या लक्षात यायला अख्खा एक हिवाळा गेला. पण त्या पिसाकडे पाहताना डोक्यात दुसरं काही शिरत नाही. औषधांच्या वेळा, गॅसचं बुकिंग, धाकट्याची गणिताची परीक्षा, सगळं काठावर राहतं. पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाक उतरलेले असतात, ते बोलले की कळतं आपण तासभर मान हलवलेली नाही.

नर्मदेवर गेलात तर महाशीर लागू शकतो, इकडे त्याला बाडस म्हणतात. तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे आणि धरणांमुळे वाहतं पाणी अडल्यानं फार कमी झाला आहे. लागला तर पाण्यातच गळ काढून जाऊ द्या. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या राज्यातही मासेमारी बंद असते, तेव्हा काठी माळ्यावर.

स्वार्थीपणाचं विचारलंत. नाही, मला तसं वाटत नाही. सहा वर्षांत मी आईवर दोनदा खेकसलो आहे, आणि दोन्ही वेळा कित्येक महिने घराबाहेर पाऊल पडलं नव्हतं. रविवार सुरू झाल्यापासून पुन्हा तसं झालेलं नाही. फक्त मार्चचं तिकीट काढण्याआधी रात्रीची पाळी कोण करणार ते नावानिशी ठरवा, आणि तेवढेच दिवस तुमच्या जोडीदाराचे कधी, तेही त्याच बैठकीत.

मासा मिळाला तर एकच घरी आणतो. आईला मृगळ लहानपणापासून आवडतो, पण आता तिला नीट गिळता येत नाही आणि या माशात दुबेळक्यासारखे फाटे फुटलेले बारीक काटे फार. हळद-मीठ लावून वाफवायचा, खिडकीशी उजेडात बसायचं आणि बोटांनी चाचपत एकेक काटा वेगळा करायचा. तळहाताएवढ्या तुकड्याला अर्धा तास लागतो. पिसाकडे पाहताना जसा बसतो तसाच तेव्हाही बसतो. मग मऊ भातात कालवून भरवतो, आणि ती डाव्या हातानं अजून एक घास मागते.