वाचकांचे प्रश्न : चाकू, खंजीर आणि चांदीचा साज

चाकू-खंजिरांचा संग्रह करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली, आणि बहुतेकांचा रोख पात्यावर नसून त्यावरच्या चांदीवर आहे. गायकवाडांच्या सोन्या-चांदीच्या तोफांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बडोद्याला शस्त्रावरच्या चांदीचं अप्रूप वाटावं, हे स्वाभाविकच.

माझ्याकडे खिशातल्या घडीच्या चाकूंचा छोटा संग्रह आहे. चाकूच्या दोरीत ओवायचा हातघडणीचा चांदीचा मणी परदेशातून मागवला, तर चांदीच्या भावाच्या सात-आठ पट किंमत पडते. एवढे पैसे कशाचे? आणि तो इथे करून घेता येईल का? — एक वाचक, दांडिया बाजार

आधी चांदी मोजू. १२ मिमी व्यासाचा, १४ मिमी उंचीचा आणि आरपार ६ मिमी भोक असलेला सरळ मणी घेतला, तर त्यात सुमारे १.१९ घन सेंमी धातू बसतो. ९२.५ टक्के चांदीची घनता १०.३६ च्या आसपास असते, म्हणजे वजन झालं १२.३ ग्रॅम. त्यातली शुद्ध चांदी ११.४ ग्रॅम, ११.६६ ग्रॅमच्या जुन्या तोळ्याला किंचित कमी. आजचा तोळ्याचा भाव बघितला की धातूची किंमत कळली. त्यावरचा प्रत्येक रुपया घडणावळीचा, नावाचा, टपालाचा आणि सीमाशुल्काचा.

घडणावळ मात्र दोन प्रकारची असते आणि खरी मेख तिथेच आहे. पहिल्या प्रकारात कारागीर मेणात एकदाच नमुना कोरतो, त्यावरून रबरी साचा करतो, त्यातून मेणाच्या हव्या तेवढ्या प्रती काढतो आणि त्यांवरून चांदीचे मणी ओततो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मणी टाकीने स्वतंत्र कोरला जातो. दहापट भिंग लावून बघा. ओतलेल्या नक्षीच्या रेघांचा तळ गोलसर, मऊ दिसतो आणि कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे सापडतात. टाकीने कापलेली रेघ तळाशी धारदार आणि चकचकीत असते, आणि नक्षीच्या दोन बाजू तंतोतंत जुळत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे : ओतीव मण्याला चांदीच्या तिप्पटीपुढे जाऊ नये. टाकीचं काम उत्तम असेल तर सात-आठ पटही वाजवी, कारण त्यात एका माणसाचा अख्खा दिवस जातो.

घडियाळी पोळीतला किंवा मांडवीकडचा एखादा जुना सोनी हे काम सहज करील, पण त्याला मापं लिहून द्यावी लागतात, कारण त्याच्या हाताला गळ्यातल्या मण्यांची सवय असते. चाकूची पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी, साधारण ४ मिमी जाडीची असते आणि ती मण्यातून दुहेरी जाते. ६ मिमी भोकातून ती ओढून-ताणून जाते. ५ मिमी असेल तर दोरीच्या आतले धागे काढून नुसतं वेष्टण ओवावं लागतं. मेणाच्या नमुन्यापासून ओतीव मण्यापर्यंत माप थोडं आकसतं, म्हणून भोक ओतकामानंतर ड्रिलने पुन्हा ६ मिमी करून घ्या. भोकाच्या दोन्ही कडा आतून गोल घासलेल्या हव्यात. हे राहिलं तर दोरी तिथेच कातरते आणि मणी रस्त्यात कुठेतरी पडतो. संग्राहकांचे मणी हरवतात ते बहुधा असेच.

पैशांचं बोलणं आधी करा. १२ ग्रॅमच्या मण्याला सोनी १६-१७ ग्रॅम चांदी मागेल, कारण ओतनळीत, म्हणजे साच्यात चांदी ओतायच्या वाटेत, आणि कानशीत धातू जातो. ओतनळीचा तुकडा परत येणार का, घट किती धरणार, मजुरी ग्रॅमवर की नगावर, हे पक्कं करा. मजुरी नगावरच ठरवा. ग्रॅमवर ठरली की मणी जड होतो. तयार चांदीवर ३ टक्के जीएसटी वेगळा.

जड मणी ही नुसती पैशांची गोष्ट नाही. ८० ग्रॅमच्या चाकूला २५ ग्रॅमचा मणी लावला तर तो खिशात लाकडी मुठीवर आपटत राहतो आणि मुठीला खळगे पडतात. चाकूच्या वजनाच्या एक-अष्टमांशाच्या पुढे जाऊ नका. त्या वजनाचा मणी खिशाबाहेर लोंबतो, दोन बोटांत नेमका सापडतो, आणि वापराने त्याच्या उंच भागाला झळाळी व खाचांना काळसर छटा येते. पोलादाची जात सगळ्यांना विकत मिळते, पण ही छटा ज्याच्या त्याच्या हाताची असते. हौस आहे ती याचीच, आणि ती रास्त आहे.

घरात पिढीजात खंजीर आहे. म्यानाची मुहनाळ (तोंडाचा साज) आणि तहनाळ (टोकाचा साज) चांदीची आहे, दोन्ही काळी पडली आहेत. अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि उकळतं पाणी वापरून साफ करू का? — एक वाचक, मांजलपूर

करू नका. हा उपाय सुट्या वाटी-चमच्यांसाठी ठीक आहे. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग; अॅल्युमिनियम तो उलटवतं, पण खाचांतला काळेपणाही घेऊन जातं, आणि उठावाची नक्षी सपाट, मेल्यासारखी दिसू लागते. शिवाय जुन्या कामात पत्र्याच्या आत लाख किंवा राळ भरलेली असते. उकळत्या पाण्याने ती सुटते, मग पत्रा पोकळ होऊन पहिल्या धक्क्याला चेपतो. म्यानाचं लाकूड फुगेल ते वेगळंच. मुठीवर कोफ्तगिरी असेल, म्हणजे खरखरीत केलेल्या लोखंडावर चांदीची तार ठोकून बसवलेली असेल, तर तिला पाणी लावूच नका. खालून गंज धरला की तार उचलली जाते आणि परत बसत नाही.

पातं म्यानातून काढून बाजूला ठेवा. खडूची पूड मलमलीतून दोनदा गाळा आणि थोड्या स्पिरिटमध्ये कालवून दाट लेप करा. कापसाच्या बोळ्याने फक्त उंच भागावर हलकं फिरवा, खाचांत शिरू नका. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडा, कारण खाचेत राहिलेली पांढरी पूड काळ्यापेक्षा वाईट दिसते. लिंबू-मीठ, चिंच, टूथपेस्ट यातलं काही नको.

ठेवताना पातं म्यानाबाहेर ठेवा. कातडं ओलावा धरतं, कमावण्यातली रसायनं पोलाद गंजवतात, आणि पितळी टाक्यांवर हिरवट चिकटा येतो. आपल्याकडे श्रावण संपेपर्यंत हवा दमट असते, त्यामुळे डब्यात सिलिका जेल हवंच. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र चांदीजवळ नको. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. सुती कापडात गुंडाळा.

हातघडणीच्या साध्या कार्बन पोलादाच्या सुरीला चांदीची परज (मूठ आणि पात्यामधली आडपट्टी) डाख देऊन बसवली. परजेजवळ पातं निळं पडलं. सुरी बाद झाली का? — एक वाचक, वाघोडिया रोड

निळा रंग म्हणजे पोलाद तिथे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं पातं साधारण २०० अंशांवर तावून घेतलेलं असतं, त्यामुळे निळ्या भागाचा कडकपणा नक्की उतरला. तो भाग धारेपर्यंत पोचला आहे का, हे बघा. धारेवर बारीक कानस हलकी फिरवा : ती घसरली तर पातं शाबूत, चावली तर पुन्हा पाणी द्यावं लागेल. निळसरपणा परजेलगतच असेल तर निश्चिंत राहा. तो भाग मऊ असलेला उलट चांगला, तिथून पातं तुटत नाही.

चांदीचा कडक डाख ७०० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून तो पात्यावर कधीच देऊ नये. चांदीला चांदीचे जेवढे सांधे असतील तेवढे आधी, सुट्या परजेवर करून घ्या. परजेची फट पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीपेक्षा केसभर अरुंद कानसा, लाकडी हातोडीने ठोकून बसवा आणि इपॉक्सी भरून २४ तास हलवू नका. इपॉक्सी दोन कामं करते. पकड तर देतेच, पण चांदी आणि पोलाद यांच्यामधला ओलावाही अडवते. दोन्ही धातू ओल्यात एकमेकांना टेकले की चांदी निवांत राहते आणि पोलाद जास्त वेगाने गंजत जातं. डाखाशिवाय चालतच नसेल तर कथील-चांदीचा मऊ डाख घ्या, तो २२१ अंशांना वितळतो. पात्याला ओलं फडकं गुंडाळा आणि आच परजेच्या बाजूने द्या.

जुन्या बाजारात चांदीच्या मुठीचा कच्छी चाकू मिळतो आहे. ‘९२५’ आणि ‘ओएम भूज’ असे दोन शिक्के आहेत. घ्यावा का? — एक वाचक, रावपुरा

हे दोन शिक्के एकत्र दिसले की थांबा. ओमरसी मावजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कच्छ दरबाराचे चांदीकार. त्यांच्या शिक्क्यामुळे किंमत कित्येक पट चढते आणि म्हणूनच तो खोटा मारला जातो. आकड्यातला ९२५ ही अलीकडची रीत. अस्सल कच्छी कामात वेली-फुलं दाट असतात, मधली पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरलेली असते आणि उठाव उंच असतो. नक्षी उथळ आणि कडा बोथट असतील तर तो साच्याचा माल.

नुसता ‘९२५’ ही विकणाऱ्याची ग्वाही, त्यापलीकडे काही नाही. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळखक्रमांक, येतो आणि तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. मणी-बिल्ल्यासारखी सुटी, भरीव वस्तू घरीही तपासता येते. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. काटा जो आकडा दाखवील, त्याने वस्तूच्या कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर चांदी, ८.५ च्या जवळपास आलं तर जर्मन सिल्व्हर किंवा पितळ. चिकटलेले बुडबुडे झटकून टाका, नाहीतर आकडा चुकतो. लाख भरलेल्या मुठीला ही परीक्षा लागू नाही. ती टंच काढणाऱ्याकडे, म्हणजे शुद्धता तपासणाऱ्याकडे न्या.

पात्याच्या लांबीचा काही कायदा आहे का? — एक वाचक, अलकापुरी

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. मोठा खंजीर किंवा कट्यार घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल ठरवताना वस्तूचं वय आधी जाणकाराकडून लेखी घ्या.